डोंगर आहे म्हणून बाग नको?

मावळात रुग्णालयाच्या आवारात बाग कशाला, हा प्रश्न हल्ली मोठा व्यवहारी समजला जातो. समोर लोहगड-विसापूर, पावसाळ्यात जिकडे पाहावं तिकडे हिरवंगार. अशा ठिकाणी सोन्याच्या भावाची जमीन गवताला आणि फेरफटक्याच्या वाटेला द्यायची? त्यापेक्षा दहा खाटा वाढवा, चाळीस गाड्या लागतील एवढं पार्किंग करा. विश्वस्तांच्या बैठकीत, डॉक्टरांच्या चहापानात, देणगीदारांच्या घोळक्यात हे म्हणणं थोड्याफार फरकाने कानावर येतं. असं बोलणारी माणसं काही खलनायक नसतात. एक्स्प्रेसवेवरून रात्री दोन वाजता आणलेल्या जखमीसाठी खाट मिळवताना त्यांच्यातल्या अनेकांना घाम फुटलेला असतो. त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला 'निसर्गप्रेम' हे उत्तर पुरणार नाही. तरीही त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि ते त्यांच्याच हिशेबाने चूक आहे.

आधी डोंगराचा मुद्दा घेऊ, कारण सगळ्यात जास्त टाळ्या त्याला मिळतात. डोंगर कुणासाठी आहे? पोटावर टाके असलेल्या बाईसाठी नाही. खुब्याच्या हाडात स्क्रू बसवलेल्या सत्तरीच्या शेतकऱ्यासाठी नाही. दोन जिने चढल्यावर धाप लागणाऱ्या हृदयरुग्णासाठी तर नाहीच नाही. त्यांच्यासाठी लोहगड हे खिडकीतलं चित्र आहे, तेही खिडकी त्या बाजूला असली तर. आवाराच्या फाटकाबाहेर पडावं म्हटलं तर जुना महामार्ग. शनिवार-रविवारी लोणावळ्यात गाडीला गाडी लागलेली असते. धडधाकट माणूससुद्धा रस्ता ओलांडताना दोनदा विचार करतो. वॉकर घेतलेल्या माणसाला 'बाहेर एवढा निसर्ग आहे, चाला की' असं सांगणारा एक तर त्या रस्त्यावर चाललेला नसतो, नाही तर आजारी पडलेला नसतो.

दुसरा आक्षेप 'चैन' या शब्दात गुंडाळलेला असतो. बाग ही पैसेवाल्यांची हौस, गरिबाला औषध मिळालं म्हणजे झालं. मावळात राहून हे म्हणायला खरं तर धीटपणा लागतो. पैसेवाल्याची बाग इथे ठायी ठायी दिसते. बोरघाटातून रेल्वे गेली ती १८६३ मध्ये, आणि तेव्हापासून मुंबईचं आजारपण विश्रांतीसाठी खंडाळा-लोणावळ्याला येतं आहे. बंगले बांधले गेले, निरनिराळ्या समाजांनी आपापल्या लोकांसाठी सॅनिटोरियमं काढली. शस्त्रक्रिया मुंबईत आणि उठून हिंडूफिरू लागणं लोणावळ्याच्या हिरवळीवर, ही सोय ज्याला परवडते तो आजही करतो. त्याला रुग्णालयात बाग नसली तरी काही अडत नाही. अडतं ते आंदर मावळातल्या, नाणे मावळातल्या, पवन मावळातल्या माणसाचं. त्याला रुग्णालयातून थेट घरी जायचं असतं. घर म्हणजे बहुधा दोन खोल्या, पुढे चिखलाचं अंगण, आणि 'आता तू पडून राहा' असं प्रेमाने बजावणारी माणसं. पुन्हा पायावर उभं राहण्यासाठी त्याच्या वाट्याला जे काही दिवस आहेत, ते रुग्णालयाच्या आवारातच आहेत. तिथली बाग काढून टाकली की चैन गरिबाची जाते, श्रीमंताची शाबूत राहते.

१९२४ सालची एक गोष्ट या संदर्भात आठवते. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींवर १२ जानेवारीला पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचा भाग कमी लोक सांगतात. ५ फेब्रुवारीला सुटका झाली, आणि मार्चमध्ये गांधीजी जुहूला समुद्रकाठी जाऊन राहिले, अंगात ताकद येण्यासाठी. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून आजारपण संपलं, असं त्या काळी कुणी मानत नव्हतं. मधला एक टप्पा असतो, त्याला वेळ लागतो आणि जागा लागते, हे गृहीत होतं. तळेगावच्या जनरल हॉस्पिटलच्या पूर्ण नावात 'कन्व्हॅलेसंट होम' हे शब्द आहेत, ते त्याच समजुतीतून. आता खाट लवकर रिकामी करण्याची घाई झाली आणि हा टप्पा घरच्यांच्या गळ्यात पडला. घरच्यांना तो पेलतो की नाही, हे बघायला कुणी जात नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात मजबूत पुरावा. तो ते स्वतः क्वचितच वापरतात, म्हणून मीच मांडतो. क्षयरोगाच्या काळात हवा, झाडं आणि उंचावरची जागा हेच औषध मानलं जाई. पाचगणीला डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल एअर सॅनिटोरियम काढलं ते याच विश्वासावर. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं, आयसोनियाझिड आलं. मग १९५६ मध्ये मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. क्षयरोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. एक गट सॅनिटोरियममध्ये. चांगली हवा, सकस जेवण, भरपूर विश्रांती. दुसरा आपापल्या घरी, शहराच्या गरीब वस्तीत, दाटीवाटीत. औषधं दोघांना तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या सॅनिटोरियमांचा पाया हादरला, कारण घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले होते. तेव्हा, बागा-बिगा सगळं थोतांड, असं कुणी म्हटलं तर?

तर त्याने तो प्रयोग अर्धाच वाचला. मद्रासने सिद्ध केलं ते एवढंच की जंतू औषधाने मरतात, हवेने मरत नाहीत. मला हे शंभर टक्के मान्य आहे. पण त्या प्रयोगाने आणखी एक समजूत मोडीत काढली, ती म्हणजे क्षयरोग्याने महिनोन्‌महिने आडवं पडून राहिलंच पाहिजे ही. घरचे रुग्ण उठत होते, हिंडत होते, बायका घरकाम करत होत्या, आणि तरीही बऱ्या होत होत्या. सॅनिटोरियमची हवा निकालात निघाली तशी सॅनिटोरियमची सक्तीची खाटही निकालात निघाली. बागेविरुद्धचा साक्षीदार म्हणून मद्रासला उभं करायला गेलात, तर उलटतपासणीत तो चालण्याच्या बाजूने बोलतो.

आणि चालण्याच्या बाजूने वैद्यकशास्त्र गेली ऐंशी वर्षं बोलतंच आहे. रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ मध्ये खाटेवर पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला: पायांच्या शिरांत गुठळ्या, फुप्फुसात साठणारा कफ, पाठीला जखमा, हाडांतून निघून जाणारं कॅल्शियम, खचलेलं मन. १९५२ मध्ये अमेरिकेत लेव्हाइन आणि लाउन यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्यांना खुर्चीत बसवण्याच्या उपचारावर लेख प्रसिद्ध केला. त्याआधी अशा माणसाला आठवडेच्या आठवडे हलू देत नसत. आज गुडघा बदललेल्या माणसाला त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी उभं करतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर निरोगी वृद्धांना दहा दिवस नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस गेलं. निरोगी माणसांचं, हं. आजाऱ्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. डिस्चार्ज कार्डावर 'रोज चालणे' असं डॉक्टर आपल्या हाताने लिहितात. ते चालणं कुठे करायचं, हे मात्र कुणाच्याच खात्यात येत नाही.

'कॉरिडॉर आहे की,' असं उत्तर येतं. कॉरिडॉर आहे, आणि पहिली पावलं तिथेच टाकायची असतात. सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो याची चाचणी घ्यायलाही तीस मीटरचा सरळ कॉरिडॉर लागतो. पण तिथे सकाळी फिनेल टाकून पुसलेली ओली फरशी असते, नाश्त्याची ट्रॉली असते, स्ट्रेचर धावत असतं आणि भिंतीला टेकून बसलेले नातेवाईक असतात. शिवाय तिथली जमीन सपाट गुळगुळीत. पवन मावळातला भातशेतकरी घरी जाऊन फरशीवर चालणार आहे का? त्याला बांधावरून जायचं आहे, खाचराच्या कडेने जायचं आहे, एसटीच्या उंच पायरीवर पाय टाकायचा आहे. थोडा चढ, थोडा उतार, एखादी पायरी, पायाखाली जरा बदलणारी जमीन, याचा सराव त्याला कठडा हाताशी आणि फिजिओथेरपिस्ट सोबत असताना झाला, तर घरी गेल्यावर पडायची भीती कमी. एकदा खुबा मोडलेला माणूस दुसऱ्यांदा पडला तर किती दिवस खाट अडवतो, याचा हिशेब खाटांची काळजी करणाऱ्यांनीच करावा.

इथे आपल्याच पक्षातल्या लोकांनाही दोन शब्द सुनवायला हवेत, कारण बागेचं सर्वाधिक नुकसान बागेच्या भक्तांनी केलं आहे. एक्स्प्रेसवेच्या कडेचे फलक पाहा. निसर्गाच्या कुशीत आरोग्य, हिरवाईचा उपचार, प्राणवायूने भरलेली पहाट. हे ऐकून कुठल्याही विचारी डॉक्टरच्या कपाळाला आठी पडेल. यांचा आवडता दाखला म्हणजे रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. अभ्यास खरा आहे, प्रामाणिक आहे. पण रुग्ण होते सगळे शेहेचाळीस, म्हणजे तेविसाच्या दोन फळ्या. आणि दुसऱ्या फळीला समोर दिसत होती विटांची भिंत. म्हणजे झाडाने बरं वाटलं की भिंतीने वाईट वाटलं, हे त्यातून नेमकं कळत नाही. एवढ्या दोरीवर 'झाडं रोग बरे करतात' हे गाठोडं लटकवू नये. माझा दावा त्याहून खूप लहान आहे: चालणं हा उपचाराचा भाग आहे, त्याला बरी जागा लागते, आणि जागा बरी असेल तर माणूस जास्त चालतो.

या बाबतीत लोणावळ्याचंच एक उदाहरण आहे. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी त्याच १९२४ सालच्या ऑक्टोबरात इथे कैवल्यधाम सुरू केलं. योगाने सगळं बरं होतं असं सांगणाऱ्यांची वाण तेव्हाही नव्हती. कुवलयानंदांनी मात्र क्ष-किरणयंत्र आणलं, नौली करताना पोटातला दाब किती उतरतो ते मोजलं आणि निष्कर्ष 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे रुग्णालयही झालं. आवार झाडांचं, वाटा सावलीच्या. पण संस्थेचं नाव झालं ते झाडांमुळे नाही. कैवल्यधामकडून घेण्यासारखं आहे ते हे की आवार आणि उपचार यांचा मेळ घालावा, आणि त्याबद्दल बोलताना मोजूनमापून बोलावं. 'तिथे काय, दमेकरी आणि मधुमेही स्वतःच्या पायांनी येतात. आमच्याकडे अपघाताच्या केसेस,' असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून तर अपघाताच्या केसेस घेणाऱ्यांना वाट जास्त विचारपूर्वक बांधावी लागेल.

आणि वाट म्हणजे काय, ते जवळून बघायला हवं, कारण बागेवरचे निम्मे आक्षेप वाईट बागांवरचे आहेत. वॉकरच्या पायांना रबरी बुचं असतात. पेव्हिंग ब्लॉक खालचा मुरूम नीट न दाबता बसवले, तर पहिल्या पावसाळ्यातच काही खचतात, काही वर येतात, आणि अर्ध्या इंचाच्या त्या कडेला बूच अडकतं. वॉकर थांबतो, माणूस पुढे जातो. चकचकीत फरशी घातली तर ओली झाली की घसरगुंडी. जांभा दिसायला देखणा, पण मावळच्या पावसात त्यावर शेवाळ धरतं. त्यापेक्षा खरबरीत कोबा केव्हाही चांगला. रुंदी अशी हवी की व्हीलचेअर जात असताना समोरून येणाऱ्याला गवतात उतरावं लागू नये. चढ वीस फुटांत एक फूट याहून जास्त नको. दर वीस-पंचवीस पावलांवर बाक, आणि बाकाला हात हवेत. हात नसलेल्या बाकावर गुडघेदुखीचा माणूस बसेल, पण उठणार कसा? एका बाजूने सलग कठडा. वाट फिरून जिथून निघाली तिथेच यावी, म्हणजे परतीचं अंतर किती याची धास्ती राहत नाही. आणि नर्सच्या टेबलावरून तिचा बराचसा भाग नजरेत असावा.

'चार महिने पाऊस, मग बागेचा उपयोग किती?' हा प्रश्न रास्त आहे. लोणावळ्यात पडतो तसा पाऊस पुणेकरालाही ठाऊक नसतो. म्हणून वाटेचा काही भाग छपराखाली हवा, आणि छप्पर वाटेपेक्षा चांगलं दोन-तीन फूट पुढे आलेलं हवं. नाही तर झड आत येते आणि पागोळ्या नेमक्या चालणाऱ्याच्या पायाशी पडतात. छपराचं पाणी वाहून न्यायला चर हवा आणि त्यावर जाळी हवी. यातलं काहीही अवघड नाही. पावसाळ्याआधी घराची डागडुजी करणाऱ्या मावळातल्या कुठल्याही गवंड्याला हे समजतं. त्याला कुणी विचारत नाही एवढंच.

डास, साप आणि संसर्ग यांबद्दल थोडक्यात. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्या नकोत, आणि कारंजं तर मुळीच नको. रुग्णालयाच्या बागेतलं कारंजं उद्घाटनाच्या दिवशी चालतं आणि नंतर त्यात पाणी साचून राहतं. देणगीदाराच्या नावाची पाटीच लावायची असेल तर ती बाकावर लावा. साप येतात ते वाढलेल्या गवतात आणि टाकलेल्या डबराच्या ढिगात, कापलेल्या हिरवळीवर क्वचित. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आणलेली आहे, अशा कर्करोगाच्या किंवा प्रत्यारोपणाच्या रुग्णांना मातीतल्या बुरशीचा खरोखर धोका असतो. त्यांच्या खोलीत कुंडी ठेवू नये आणि त्यांना बागेत नेऊ नये, हे अगदी खरं. पण काही रुग्णांना साखर वर्ज्य म्हणून आपण रुग्णालयाचं स्वयंपाकघर बंद करत नाही. झाडांची निवडही डोकं ठिकाणावर ठेवून करावी. गुलमोहराची फांदी वादळात मोडते, जांभळाच्या फळांचा वाटेवर चिखल होतो, पिवळ्या कण्हेरीची बी विषारी. बकुळ, सोनचाफा, करंज, आंबा आहेत की. आणि गाजर गवत उपटायला माणूस हवा.

त्या माणसाच्या पगारावर गाडी अडते. माळी परवडत नाही म्हणे! ज्या मावळातल्या पॉलिहाउसमधले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात, त्या तालुक्यात फुलझाडांची जाण असलेली माणसं मिळत नाहीत, यावर विश्वास ठेवायचा कसा? पैसे नाहीत हे मी समजू शकतो. पण मग दर्शनी लॉबीतला ग्रॅनाइट, रिसेप्शनमागचा पाणी सोडणारा काचेचा पडदा आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी मारलेला, फक्त फोटोसाठी राखलेला तो प्रवेशद्वाराजवळचा गवताचा तुकडा, यांना पैसे कुठून आले? त्या तुकड्याचं पाणी, खत आणि कापणी बंद करून ते पैसे मागच्या बाजूच्या वाटेला दिले, तरी सुरुवात होते.

पार्किंगची गोष्ट खरी आहे. खाटांच्या हिशेबाने गाड्यांची जागा नियमातच ठरलेली असते, ती सोडावी लागते, आणि रुग्णवाहिकेच्या आड काहीही येता कामा नये. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो उरलेल्या जागेबद्दल. नकाशावर गाड्यांचे चौकोन आधी आखले जातात, मग जनरेटर, मग ऑक्सिजनची टाकी, मग कँटीन. शेवटी जो वाकडातिकडा कोपरा उरतो त्यावर आर्किटेक्ट हिरवा रंग फासतो आणि 'लँडस्केप' असं लिहितो. त्या कोपऱ्यात कोणताच रुग्ण पोहोचत नाही. मग दोन वर्षांनी कुणी तरी म्हणतं, बघा, बाग वापरातच नाही, इथे आणखी गाड्या बसतील. वापरात येणार नाही अशी बाग करायची आणि ती वापरात नाही म्हणून काढून टाकायची, या कारभाराला काटकसर म्हणता येणार नाही. पुढच्या इमारतीचा नकाशा टेबलावर येईल तेव्हा फिजिओथेरपिस्टला आणि वॉर्डातल्या एखाद्या जुन्या सिस्टरला त्या बैठकीत बसवा. अस्थिरोग विभागाच्या दारातून निघून तिथेच परत येणारी वाट त्यांना आधी आखू द्या, गाड्यांचे चौकोन त्यानंतर.

राहता राहिला नातेवाइकांचा मुद्दा. बाग केली की बाहेरगावची माणसं तिथे पथारी पसरतात, डबे खातात, भाकरीचे तुकडे टाकतात, कुत्री येतात. म्हणून फाटकाला कुलूप. मी हे कुलूप पाहिलेलं आहे, सोबत शिट्टी वाजवणारा रखवालदारही. आता, आंदर मावळातून आलेली बाई सुनेच्या बाळंतपणासाठी दोन रात्री रुग्णालयात काढते. तिला वॉर्डात बसू देत नाहीत, कँटीनचा चहा तिला महाग पडतो, आणि तिने डबा कुठे उघडायचा हे रुग्णालयाने ठरवलेलंच नाही. ती झाडाखाली बसणार. बसू दे. रुग्णांच्या वाटेपासून जरा बाजूला तिच्यासाठी एक पार बांधा, शेजारी हात धुवायला नळ द्या आणि झाकणाचे दोन डबे ठेवा. रखवालदाराला शिट्टीऐवजी ते डबे रोज संध्याकाळी रिकामे करून घ्यायचं काम द्या, आणि बागेचं कुलूप सकाळी सहाला काढा.